रिपोर्ट लांबलाय आणि दादा गप्प आहे

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाच्या मांडीत खोलवर गाठ आहे. एमआरआय पाहून डॉक्टर म्हणाले, सार्कोमाची, म्हणजे स्नायू, चरबी, हाडं यांत होणाऱ्या कॅन्सरची, शंका आहे. बायोप्सी झाली, पण रिपोर्ट येत नाही. विचारलं की 'अजून काही तपासण्या लावल्यात' एवढंच कळतं. दादा बोलत नाही, वहिनी रात्र-रात्र मोबाइलवर वाचत बसते. काका म्हणतात, वाट कसली बघताय, दुसरीकडे नेऊन गाठ काढून टाका. मी नेमकं काय करू?
– एक बहीण

उत्तर : आधी काकांना आवरा. गाठ कसली हे कळण्याआधी ती साधी समजून कापली, तर आजाराच्या पेशी मागे राहतात आणि पुढची शस्त्रक्रिया जास्त मोठी होऊन बसते. सार्कोमाची शंका असेल तर बायोप्सीची सुई कुठून घालायची हेसुद्धा सर्जनला विचारून ठरवतात, इतकं हे नाजूक काम. काकांना बाजूला घेऊन सांगा, दादासमोर वाद नको.

आता रिपोर्ट. माझी सगळी नोकरी मायक्रोस्कोपवर गेली, त्यामुळे आतली गोष्ट सांगते. बायोप्सीचा तुकडा फॉर्मेलिनमधून मेणाच्या ब्लॉकमध्ये जातो, त्याचे ३-४ मायक्रॉनचे काप काचेवर घेऊन रंगवतात. बऱ्याच आजारांचा उलगडा इथेच होतो. सार्कोमाचं तसं नाही. मोठ्या माणसांच्या कॅन्सरमध्ये सगळे सार्कोमा मिळून जेमतेम १ टक्का, आणि त्यांचे प्रकार मात्र ५०हून जास्त. मग आयएचसी (पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणारी तपासणी) लावा, कधी जनुकीय तपासणी करा, कधी ब्लॉक दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवा. शंका राहिली की मी सही करत नसे, मग बाहेर नातेवाइकांचे आवाज कितीही चढोत. नोड्युलर फॅसायटिस नावाची एक निरुपद्रवी गाठ हुबेहूब सार्कोमाचं सोंग घेते, तिच्यापायी तर हमखास थांबावं लागे. तेव्हा उशिराचा अर्थ लावत बसू नका. चांगलंच निघेल असंही मी म्हणणार नाही.

'रिपोर्ट आला का?' असं विचारलं तर 'नाही' एवढंच उत्तर मिळणार. त्याऐवजी विचारा : कोणत्या तपासण्या लावल्यात, त्यांना साधारण किती दिवस लागतात, ब्लॉक बाहेर गेलाय का, निकाल कोण सांगणार. फोन घरातल्या एकानेच करावा, आणि तो तुम्ही केलेला दादाला चालेल का, हे त्याला आधी विचारा. एमआरआयची सीडी आणि सगळे कागद एका फायलीत लावून ठेवा. मध्येच छातीचा सीटी सांगितला तर 'पसरला वाटतं' अशी कुजबुज नको. सार्कोमा पसरलाच तर बहुधा फुफ्फुसात, म्हणून तो बघून ठेवतात.

वहिनींना एवढंच सांगा : प्रकार, ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात ते) काहीच हातात नसताना इंटरनेटवरचा कुठलाच आकडा दादाला लागू होत नाही. त्यांच्या मनातले प्रश्न वहीत उतरवून घ्या, पुढच्या भेटीला उपयोगी पडतील.

राहिला दादा. 'पॉझिटिव्ह राहा' हे वाक्य मला ऐकवत नाही. आजारी माणसाला घाबरायचीही चोरी. 'काही होणार नाही' असंही म्हणू नका, ते तुम्हाला ठाऊक नाही आणि तुम्हाला ठाऊक नाही हे त्याला ठाऊक आहे. सरळ विचारा, 'दादा, याबद्दल बोलायचंय की दुसरं काही बोलू?' तो 'दुसरं' म्हणाला तर खरंच दुसरं बोला, गाडी हळूच गाठीवर आणू नका. कोणाला सांगायचं, कोणाला नाही, हेही त्यालाच ठरवू द्या आणि विचारपूस करणाऱ्यांचे फोन तुम्ही झेला. निकालाच्या दिवशी त्याला हवं असेल तर सोबत जा, लिहून घ्या. पहिल्या वाक्यानंतरचं पुष्कळसं त्याच्या कानावरून जाईल.

एका बाबतीत मात्र थांबू नका. गाठ झपाट्याने वाढली, पायाला बधिरपणा आला, ताप आला किंवा बायोप्सीच्या जागेतून रक्त-पू येऊ लागला, तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.