‘मला कॉम्प्युटर जमणार नाही’: ब्रँच बदलण्याआधी

पहिल्या सत्राची परीक्षा जवळ आली की आईवडील माझ्याकडे समुपदेशनाला एकच प्रश्न घेऊन येतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग झेपेल का, की वेळ आहे तोवर ब्रँच बदलावी? उत्तर म्हणून एका मुलीची हकीकत सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

राधानगरी तालुक्यातलं गाव. घरी म्हशी. दहावीला शाळेत पहिली, सीईटीला चांगले मार्क, कोल्हापुरातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटरला प्रवेश आणि राजारामपुरीत मैत्रिणींबरोबर खोली. वडील तिला घेऊन आले होते. म्हणाले, “मॅडम, पोरगी रडणारी न्हवं ओ. आता दर शनवारी गावाकडं येती आन् परत जायचं म्हटलं की पोटात दुखतंय म्हणती. ब्रँच बदलून देऊ का?”

वडिलांना बाहेर बसवून आधी झोप, जेवण, जिवाचं बरंवाईट करून घ्यायचे विचार, हे सगळं विचारून घेतलं. तसा धोका नव्हता. मग म्हटलं, “जमत नाही असं नेमकं कधी वाटतं? कुठल्या तासाला, काय चाललेलं असताना?”

तिला सगळं लख्ख आठवत होतं. पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, प्रोग्रॅमिंग कुणाकुणाला येतं? निम्म्या वर्गाचे हात वर गेले, आणि सर म्हणाले, चला, मग बेसिक सोडून पुढं जाऊ. प्रॅक्टिकलला एका मशीनवर दोघं. जोडीदार आठवीपासून क्लासला जाऊन शिकलेला, म्हणून कीबोर्ड त्याच्याकडे आणि जर्नल लिहायचं काम हिच्याकडे. एररची इंग्रजी ओळ ही वाचेपर्यंत तो दुरुस्ती करून मोकळा. “मी काही विचारलं तर माझ्यामुळं सगळे थांबतील, असं वाटायचं.”

“कीबोर्डला पहिल्यांदा हात कधी लावलास?”

“कॉलेजात. शाळेत कॉम्प्युटर होते, पण त्या खोलीला कुलूप असायचं.”

बोटांना सवय नव्हती, हे खरं. एररचं इंग्रजी डोक्यावरून जात होतं, हेही खरं. पण या दोन्हींवरून तिने तिसरंच ठरवून टाकलं होतं, की आपल्याला डोकंच नाही. ते कुणी तपासलंच नव्हतं. म्हणून तिच्यापुढे कोरा कागद ठेवला.

दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल ती शाळेत असल्यापासून आईला तपासून देत होती. म्हटलं, “ज्याला यातलं काहीच माहीत नाही, अशा माणसाकडून हे बिल काढून घ्यायचंय. एकेक पायरी लिही.” तिने लिहिलं: सकाळ-संध्याकाळची नोंद घ्या, फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) बघून तक्त्यातला दर घ्या, लिटरने गुणा, आधीच्या बेरजेत मिळवा, सगळ्या नोंदी संपेपर्यंत हेच करा. मग पशुखाद्याची कपात वजा करा. कपात बिलापेक्षा जास्त असली तर उरलेली पुढच्या बिलात टाका. लिहून झाल्यावर तिनेच मला विचारलं, “आणि एखाद्या वेळी दूध घातलंच नसेल तर?”

बदलत जाणारी बेरीज म्हणजे व्हेरिएबल, नोंदी संपेपर्यंत तेच करणं म्हणजे लूप, ‘जास्त असली तर’ म्हणजे इफ-एल्स. प्रोग्रॅमिंगचं हे सगळं त्या कागदावर होतं. आणि नोंदच नसेल तर काय, हा प्रश्न चांगल्या प्रोग्रॅमरला सुचावा लागतो. तिला तो न सांगता सुचला. हे मी तिला स्पष्ट सांगितलं आणि वडिलांना आत बोलावून त्यांच्यासमोर पुन्हा सांगितलं.

पण मुलीला धीर देऊन वर्ग तसाच राहिला तर माझं काम अर्धंच झालं, असं मी मानते. म्हणून तिची संमती घेऊन तिच्या प्रॅक्टिकलच्या सरांना भेटले. अमेरिकेतल्या हार्वे मड कॉलेजचा अनुभव त्यांना सांगितला. तिथे २००६ च्या सुमारास पहिल्या कोर्समध्ये आधी प्रोग्रॅमिंग केलेल्यांचा आणि न केलेल्यांचा गट वेगळा केला, नुसत्या कोडिंगऐवजी वेगवेगळ्या विषयांतले प्रश्न सोडवण्यावर भर दिला, आणि वर्गात सतत स्वतःचं ज्ञान दाखवणाऱ्या मुलांना शिक्षकांनी बाजूला घेऊन समजावलं. संगणकशास्त्र घेणाऱ्यांत मुली १० टक्क्यांच्या आसपास होत्या, त्या काही वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत गेल्या.

सरांना वेगळा गट करणं शक्य नव्हतं. पण हात वर करायला लावणं त्यांनी बंद केलं. ठरावीक वेळाने कीबोर्डची अदलाबदल सुरू केली. ज्याच्या हाती कीबोर्ड, त्याने फक्त दुसरा सांगेल तेच टाइप करायचं. प्रोग्रॅम चालवण्याआधी उत्तर काय येईल ते प्रत्येकाने वहीत लिहायचं. कधी प्रोग्रॅमच्या ओळी कापून, उलटसुलट करून द्यायचे आणि क्रम लावायला सांगायचे. ही पद्धत न्यूझीलंडच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडली. तिच्यात टायपिंग आडवं येत नाही, विचार तेवढा दिसतो. जोडीदारालाही फायदा झाला. तो बिचारा वाईट नव्हता, त्याला समजावून सांगायची वेळ कधी आलीच नव्हती.

दुधाचं बिल प्रॅक्टिकलला आलं. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, म्हणून तिच्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये ‘लिटर’, ‘दर’, ‘कपात’ अशी नावं होती. परीक्षेत आणि नोकरीत इंग्रजी लागणारच, ते ती शिकते आहे. पण नवा विचार आणि परकी भाषा दोन्ही एकाच तासाला डोक्यावर ठेवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली, ती गावाकडच्या मुलाला शहरातल्या शाळेत टिकता यावं म्हणून. आज लॅबमध्ये टिकता येईल अशी सोय करणं त्याच कामाचा भाग आहे.

ती पास झाली. मार्क मध्यम आहेत, टायपिंग अजून सावकाश आहे. शनिवारी गावी जाते, पण पोटात दुखत नाही.

प्रत्येकीने कॉम्प्युटरलाच चिकटून राहावं, असं मात्र मी म्हणणार नाही. दुसऱ्या एका मुलीला या अडचणी दूर झाल्यावरही कोडिंगचा कंटाळाच यायचा आणि सर्व्हेचं काम मनापासून आवडायचं. ती सिव्हिलला गेली, योग्यच केलं.

वडिलांनी निघताना विचारलं होतं, “कर्ज काढून लॅपटॉप घ्यावा का?” मी सांगितलं, आधी कॉलेजची लॅब संध्याकाळी उघडी असते का ते विचारा. असेल तर तिला महिनाभर रोज तासभर तिथे बसू द्या, मग कर्जाचं बघू. नसेल तर चार पालक मिळून प्राचार्यांकडे तसा लेखी अर्ज द्या.