एच. पायलोरीचा (पोटातल्या जंतूचा) १४ दिवसांचा कोर्स करूनही टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर त्याच गोळ्या परत घेऊ का?

नाही, तोच कोर्स परत नका घेऊ, पण त्याआधी टेस्ट कुठली केली होती ते बघा. रक्तातली अँटीबॉडी टेस्ट असेल तर ती जंतू गेल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यावरून कोर्स फेल गेला म्हणता येत नाही. खरं कळतं ते स्टूल अँटिजेन (शीची) किंवा युरिया ब्रीथ (श्वासाची) टेस्टमध्ये, आणि तीही अँटिबायोटिक संपून किमान ४ आठवडे झाल्यावर, ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोलसारखी गोळी २ आठवडे बंद ठेवून (डॉक्टरांना विचारूनच बंद करा). मी फार्मसिस्ट आहे, आणि लोक नेमकं हेच विसरून धावत टेस्ट करून येतात. आता खरंच पॉझिटिव्ह असेल तर पहिल्या कोर्समध्ये बहुतेक क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक असणार, जंतू त्याला दाद देत नाही असं झालं की तेच परत देऊन उपयोग नसतो, मग साधारण बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि ॲसिडिटीची गोळी असा चौघांचा कोर्स १४ दिवस देतात. गोळ्या खूप असतात, तोंड कडू पडतं, बिस्मथने शी काळी होते, त्याला घाबरून मधेच सोडू नका प्लीज. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू अजिबात नको. फक्त प्रेग्नन्सी असेल तर टेट्रासायक्लिन चालत नाही. म्हणून कोणीही असा, जुनी प्रिस्क्रिप्शन घेऊन गॅस्ट्रोच्या डॉक्टरांकडेच जा, मेडिकलमधून परस्पर काही घेऊ नका.