'ब्लूपर' हा ऑक्टोपस की माकूळ?

'सुपर मारिओ ब्रदर्स' या व्हिडिओ खेळात पाण्याखालच्या टप्प्यांत अंगावर येणाऱ्या पांढऱ्या 'ब्लूपर'ला मराठीत ऑक्टोपस म्हणावे का, आणि इंग्रजीत 'ब्लूपर' म्हणजे गफलत, तर त्या अर्थाचा या नावाशी काही संबंध आहे का, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे.

ऑक्टोपस मुळीच म्हणू नये. हा प्राणी स्क्विड आहे आणि स्क्विडसाठी आपल्या किनाऱ्यावर माकूळ हा चांगला रुळलेला शब्द आहे. गोव्याच्या कोंकणीत त्यालाच माणकी म्हणतात. बाजारात कटलफिशलाही पुष्कळदा माकूळच म्हटले जाते हे खरे, पण ऑक्टोपसला कोणी म्हणत नाही. दोघेही शीर्षपाद वर्गातले असले, तरी ऑक्टोपसला आठच भुजा असतात, तर माकळाला त्यांखेरीज दोन लांब शुंडके असतात आणि त्याचे धड निमुळते होत टोकाशी येते. तोच टोकदार माथा खेळातल्या चित्रातही ठळक दिसतो.

याहून पक्का पुरावा मूळ जपानी नावात आहे. १९८५ साली आलेल्या या खेळात त्याचे नाव 'गेस्सो' असे होते. सुशीच्या दुकानांत माकळाच्या पायांना 'गेसो' म्हणतात, आणि तो शब्द 'गेसोकु', म्हणजे दाराशी काढून ठेवलेली पादत्राणे, यावरून आला आहे. चपलांपासून ताटातल्या पायांपर्यंत आणि तेथून खेळातल्या शत्रूपर्यंत झालेला हा प्रवास मला फार मनोहर वाटतो.

गफलतीचा अर्थ मात्र येथे आणू नये. जुन्या इंग्रजी माहितीपुस्तिकेत हे नाव 'ब्लूबर' असे छापले होते आणि 'ब्लूपर' हे रूप पुढे रूढ झाले. विशेषनाम म्हणून 'ब्लूपर' तसेच ठेवावे, आणि ओळख करून देताना 'ब्लूपर नावाचा माकूळ' असे लिहावे.

क्रियापदही जपून निवडावे. हा प्राणी सरळ रेषेत पोहत नाही. तो अंग आखडून सावकाश खाली उतरतो आणि मग मारिओच्या रोखाने तिरपी उसळी घेतो. म्हणून 'पोहत येतो' यापेक्षा 'उसळी मारतो' हेच नेमके होय. त्याचप्रमाणे पाण्याखाली त्याच्यावर उडी मारून त्याला चिरडता येत नाही, मारिओने फेकलेला अग्निगोळा किंवा त्याला थोडा वेळ अजिंक्य करणारा तारा लागतो. तेव्हा त्या टप्प्याच्या वर्णनात 'मारिओ त्याला तुडवतो' असे लिहिणे चुकीचे ठरेल.