तिसरा, तिऱ्हाईत आणि गायब

प्रश्न असा आला आहे: 'आमचं चित्रपटमंडळ "द थर्ड मॅन" दाखवणार आहे. फलकावर मराठी नाव हवंय. काही जण "तिर्हाईत" म्हणतात, काही "तृतीय पुरुष". बरोबर काय?'

आधी अक्षर नीट करा. 'तिर्हाईत' नव्हे, तिऱ्हाईत. 'ह'च्या डोक्यावर रफार नाही, त्याच्या आधी तो आडवा अर्धा र आहे; कऱ्हाड, गुऱ्हाळ, बऱ्हाणपूर यांत असतो तोच. मराठीचं हे खास लेणं आहे आणि फलक रंगवणारे ते सर्रास पुसून टाकतात.

आता अर्थ. 'तिऱ्हाईत इसमाने पाकीट मारले' अशी बातमी परवाच वाचली आणि चहा थंड झाला. अहो, पाकीट मारणारा आणि ज्याचं मारलं तो, हे दोघे पक्षकार. तिऱ्हाईत तो, जो शेजारी उभा राहून बघत होता! आधी दोन माणसं हवीत, त्यांच्यात काही देणंघेणं किंवा भांडण हवं, मग त्यात नसलेला तो तिऱ्हाईत. नुसत्या अनोळखी माणसाला अनोळखी म्हणा की.

एका व्युत्पत्तिप्रेमी गृहस्थांनी मला ठासून सांगितलं की हा शब्द 'तऱ्हा'वरून आला, 'वेगळ्या तऱ्हेचा तो तिऱ्हाईत'. तऱ्हेवरून तऱ्हेवाईक होतो, आणि त्यांचं मत त्यातलंच आहे. हिंदीत 'तिसरैत' आहे, अर्थ तोच: भांडणाबाहेरचा, तटस्थ. शेपूटही ओळखीचं. पटा चालवणारा हिंदीत पटैत, आपल्याकडे पटाईत. तसा तिसरेपणाने उभा असलेला तो तिऱ्हाईत. यात तीन आहेत, तऱ्हा नाही.

मग या सिनेमातला हॅरी लाइम तिऱ्हाईत ठरतो का? सिनेमा १९४९चा, दिग्दर्शक कॅरॉल रीड, पटकथा ग्रॅहम ग्रीनची. पंचाहत्तर वर्षं उलटली, तेव्हा रहस्य फोडलं म्हणून कोणी रागावू नये. युद्धानंतरचं व्हिएन्ना अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन अशा चौघांनी वाटून घेतलेलं. हॉली मार्टिन्स मित्राला, हॅरीला, भेटायला येतो आणि थेट त्याच्या दफनाला पोचतो. मोटारीखाली गेला म्हणतात. दोन ओळखीच्यांनी उचलून रस्त्यापलीकडे नेलं म्हणतात. इमारतीचा रखवालदार मात्र सांगतो की उचलणारे तिघे होते. हा तिसरा कोण? तर खुद्द हॅरी! पुरला गेला तो भलताच. भेसळ केलेलं पेनिसिलिन विकून पोरांचे हाल करणारा हा माणूस रशियन भागात लपून आहे. चौघांच्या हद्दी आणि याचा धंदा. 'दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ' याहून चपखल कुठे बसणार? पण लाभ घेणारा तटस्थ नसतो. सगळ्या भानगडीचं मूळच तो. कथेत तिऱ्हाईत असलाच तर तो बिचारा रखवालदार. खिडकीतून बघितलं एवढाच त्याचा संबंध, आणि त्यापायी जीव गेला.

'तृतीय पुरुष'वर मी खरं तर नाक मुरडणार होतो, पण इथेच गंमत आहे. मी प्रथम, तू द्वितीय, तो तृतीय, हा क्रम इंग्रजी व्याकरणाच्या चालीचा. पाणिनीकडे उलट! तिथे 'मी' उत्तम, 'तू' मध्यम, आणि 'तो' प्रथम. सूत्रच आहे, 'शेषे प्रथमः': मी आणि तू वगळून जे उरलं, त्याला प्रथम. म्हणजे पाणिनीच्या हिशेबाने या सिनेमाचं नाव 'प्रथम पुरुष' व्हायला हवं.

अरबी वैयाकरण तर याहून सरस. ते मोजतच नाहीत. बोलणारा तो मुतकल्लिम, ज्याच्याशी बोलायचं तो मुखातब, आणि ज्याच्याविषयी बोलायचं तो गाइब, म्हणजे समोर नसलेला. हाच गाइब फारसीतून आपल्याकडे 'गायब' होऊन आला. कागलच्या गैबी चौकातला 'गैबी'ही त्याच धातूचा, गैब म्हणजे अदृश्य. आपण चष्मा गायब झाला म्हणतो तेव्हा अरबी व्याकरणातला तृतीय पुरुषच वापरत असतो!

आणि आता सिनेमा पुन्हा आठवा. सुमारे तासभर सगळे हॅरीविषयी बोलतात: त्याचा मित्र, त्याची प्रेयसी ॲना, त्याच्या मागावरचा ब्रिटिश अधिकारी मेजर कॅलोवे. तो स्वतः पडद्यावर नाहीच. निव्वळ गाइब. मग अंधाऱ्या दारात मांजर कोणाच्या तरी बुटांशी घोटाळतं, वरच्या खिडकीत दिवा लागतो आणि हॅरी झालेल्या ऑर्सन वेल्सचा तो खट्याळ चेहरा उजळतो. मार्टिन्स हाक मारतो, म्हणजे 'तो'चा 'तू' झाला, आणि लगेच स्वारी पुन्हा गायब! ग्रीनला अरबी व्याकरण ठाऊक असण्याचं कारण नाही, पण माझं म्हणणं असं की या प्रसंगाचं इतकं नेमकं वर्णन कुठल्याच समीक्षकाला साधलेलं नाही. ते बसलेत तिरप्या कॅमेऱ्याच्या आणि पार्श्वसंगीतातल्या आंतोन कारासच्या झिथर या तंतुवाद्याच्या गोष्टी सांगत.

हां, फलक. 'तिसरा' लिहा. 'माणूस' जोडायची गरज नाही. 'हा कोणी तिसराच दिसतो' म्हणताना आपण कुठे जोडतो? आणि खालच्या ओळीत 'रहस्यमय' लिहाल तर 'य'ला चुकून 'म' करू नका, मागच्या फलकावर केला होता.