भिजवण्याआधी दोरी बघा

प्रश्न : ताई, आमची दोन माणसांची रजई आहे, आत पॉलिएस्टरचं फायबर. कोरडी असताना जेमतेम तीन किलो भरते आणि मशीन सात किलोचं, म्हणून बिनधास्त लावली. कडा स्वच्छ निघाल्या, मधला भाग मळकटच राहिला. पिळताना मशीन धडधडलं आणि बंद पडलं. दोरीवर टाकून वाळवली, तरी कुबट वास जात नाही. पुन्हा धुऊ का?

उत्तर : पुन्हा धुवावीच लागेल, पण आज लगेच भिजवू नका. आधी त्या सात किलोंचं बघू. मशीनवर लिहिलेलं वजन साध्या सुती कपड्यांचं असतं. सदरे, चादरी पाण्यात खाली बसतात, एकमेकांवर आपटतात. रजईत हवाच जास्त. तीन किलोत ड्रम गच्च होतो, रजई आत हलत नाही आणि पाणी कडेकडेनं फिरतं. तुमचा मधला भाग म्हणूनच मळका राहिला. पुढच्या वेळी रजई कोरडीच ड्रममध्ये घालून बघा. वरच्या बाजूला हाताचा पंजा सहज शिरला तर ठीक. कोंबून बसवावी लागली तर ती त्या मशीनमध्ये धुवू नका, मोठा टब घ्या.

धडधडीचं कारणही तेच. ओला गठ्ठा एका बाजूला जमला की ड्रमचा तोल जातो, आणि तोल साधला नाही की बरीचशी मशीन्स पिळणं थांबवतात. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. रजई बाहेर काढा, सैल करून नीट पसरून घाला.

टबात धुताना कोमट पाण्यात लिक्विड साबण आधी पूर्ण विरघळवा, मग रजई सोडा. साबण नेहमीच्या निम्मा पुरतो. जास्त घातला तर फायबरमधून तो निघता निघत नाही, रजई चिकट राहते आणि मळ लवकर धरते. पायांनी सावकाश तुडवा, मधल्या भागावर जास्त वेळ. मग पाणी बदलून खळबळा, दाबल्यावर फेस यायचा थांबेपर्यंत. पिळा मात्र देऊ नका. टबातच घडी करून ठेवा, निथळू द्या, आणि दोन्ही हात खाली घालून उचला. एक टोक धरून ओढलीत तर सगळ्या पाण्याचा भार टाक्यांवर येतो, टाके उसवतात आणि आतलं भरण एका कोपऱ्यात जाऊन बसतं. दुसरं माणूस मदतीला असेल तर फारच उत्तम.

आता वास. मी बरीच वर्षं एका वसतिगृहाची धुलाई सांभाळली. तिथे मी नव्या मुलींना पहिल्यांदा हेच शिकवायची : आधी दोरी बघा, मग पाणी सोडा. दोरी रिकामी नाही, हवा दमट आहे, दिवस कलायला आलाय, तर रजई भिजवायचीच नाही. धुण्याचं काम तासाभराचं, वाळवणीला मात्र अख्खा दिवस, कधी दोन लागतात, आणि रजया खराब होतात त्या तिथेच.

एका दोरीवर टाकलेली रजई स्वतःवरच दुमडून राहते, आतल्या बाजूंना वारा लागत नाही. हातभर अंतरावर दोन दोऱ्या बांधा आणि दोन्हींवर मिळून टाका. मध्ये झोळ पडतो, वारा खालून-वरून खेळतो. दर दोन-तीन तासांनी उलटवा, आणि त्या वेळी भरणाचे गोळे बोटांनी विरळ करत जा. हे काम ओलसर असतानाच करायचं, नंतर गोळे घट्ट बसतात.

वरचं कापड लवकर सुकतं आणि आपण फसतो. शिवणीच्या रेषेवर गाल टेकवून बघा. गार लागलं तर आतलं पाणी अजून उडतंय, कारण उडताना ते ऊब ओढून घेतं. तुमची रजई याच अवस्थेत घडी झाली असणार. कोरडी वाटली तरी आणखी एक दिवस उन्हा-वाऱ्यात द्या.

ज्यांच्या रजईत कापूस आहे त्यांनी मात्र वरचं काहीही करू नये. पिंजलेला कापूस भिजला की त्याचे गठ्ठे होतात आणि पुन्हा पिंजल्याशिवाय ते सुटत नाहीत. खोळ काढून धुवा, रजईला नुसतं ऊन द्या. लोकरीचं ब्लँकेट असेल तर गरम पाणी आणि चोळणं दोन्ही टाळा, लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून ते आटतं. डाग तोडणारी एन्झाइमवाली धुण्याची पावडरही लोकरीला नको.

प्रश्न : घरात धुळीची अ‍ॅलर्जी आहे. पांघरुणं किती गरम पाण्यात धुवावीत?

उत्तर : धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे, म्हणजे डस्ट माइट्स, मरायला 60 अंश सेल्सिअस लागतात. गार पाण्यात त्यांची विष्ठा बरीचशी वाहून जाते (अ‍ॅलर्जी मुख्यतः तिचीच असते), पण किडे जगतात. कित्येक रजयांना 60 अंश सोसत नाही, म्हणून लेबल वाचा. मी सांगेन की रजईला सुती खोळ घाला आणि आठवड्याला ती खोळ 60 अंशांवर धुवा. माणसाच्या त्वचेची कोंड्यासारखी साल हे या किड्यांचं खाणं. ती खोळीवर अडकली तर रजईत कमी जाते, आणि रजई धुण्याची वेळही क्वचित येते.

प्रश्न : गादीचं वॉटरप्रूफ कव्हर मशीनमध्ये पिळावं का?

उत्तर : नाही. त्यातून पाणी बाहेर पडत नाही, खोबणीत साठतं. वेग वाढला की ते एकदम एका बाजूला जातं आणि मशीनला जोराचा हादरा बसतो. कव्हर मशीनमध्ये धुवायला हरकत नाही, पण पिळणं बंद ठेवा आणि कव्हर न्हाणीघरात टांगून निथळू द्या.