सुईनं पाय सैल पडतो, पण किती वेळ?

पोरी, परभणीत फिजिओथेरपीची पहिलीच नोकरी आणि ड्राय नीडलिंगचा, म्हणजे औषध न भरता नुसती बारीक सुई स्नायूत टोचण्याचा, कोर्स नुकताच झालेला, हात शिवशिवणारच. पण ऊसतोडीवरून आलेल्या बाईचा अवघडलेला खांदा वेगळा आणि ‘अंगावरून वारं गेलेल्या’ आजोबांची आखडलेली पोटरी वेगळी. पहिल्यात गाठ स्नायूतच असते. सुईनं तो झटकन फडकला की ताण उतरतो. दुसऱ्यात मूळ मेंदूत आहे. सुईनं पोटरी सैल पडते, घोटा जरा जास्त वळतो, पण हे बहुधा थोडाच वेळ टिकतं. तेवढ्यात त्यांना उभं कर, चालव. मी सुरुवातीला नुसतं टोचून घरी पाठवायचो, अन् दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा तसाच.

सुईच्या आधी आणि नंतर मॉडिफाइड अ‍ॅशवर्थ, म्हणजे स्नायू किती आखडलाय त्याचा आकडा, लिहून ठेव. ० ते ४, आणि १ अन् २ च्या मधला १+ विसरू नको. लकव्याच्या पेशंटला बऱ्याचदा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात, चिठ्ठी बघितल्याशिवाय सुईचं पाकीट फोडायचं नाही. खांद्यावर मात्र स्नायू चिमटीत उचलूनच टोच, खाली फुफ्फुस आहे.