रविवारी ड्युटी असते. चर्चला न जाता घरीच बायबल वाचून प्रार्थना केली तर चालेल का?

चालेल, पण तेवढ्यावर भागणार नाही. बायबलमधली फिलिप्पै शहरातली मंडळी (चर्च) बघा: प्रेषित पौल कैदेत, म्हणून त्यांनी आपल्यातल्या एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली. तिकडे एपफ्रदीत मरता मरता वाचला, ती खबर इकडे आली, इकडची काळजी त्याला कळली, आणि पौलाने त्याला परत धाडलं (फिलिप्पै 2:25-30, 4:18). चर्चमधली सहभागिता (एकमेकांच्या सुखदुःखात वाटा) म्हणजे ही अशी ये-जा. व्हॉट्सॲपवर रोज वचन फॉरवर्ड करणं माझ्या मते त्यात मोडत नाही. मुंबईत शिफ्टवाल्यांनी आठवड्यातली संध्याकाळची घरगुती प्रार्थनासभा गाठावी आणि अडचण पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) कानावर घालावी. अंथरुणाला खिळलेल्यांची गोष्ट वेगळी. पुष्कळ मंडळ्यांत पाळकच प्रभुभोजन (येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षरस) घेऊन त्यांच्या घरी जातात.